टवाळी, टपाल आणि पुरावा

१९२० साली रशियन बॅले कंपनीचा मालक सर्गेई द्यागिलेव याला एक जुना बॅले पुन्हा रंगमंचावर आणायचा होता. जुना म्हणजे किती, तर अवघ्या सात वर्षांपूर्वीचा. संगीतकार स्त्राविन्स्की हयात होता, पियानोसाठीची स्वरलिपी छापलेली होती, पोशाख होते, आणि मूळ प्रयोगात नाचलेली काही मंडळी अजूनही द्यागिलेवच्याच कंपनीत होती. पण सलग नाच त्यांच्यापैकी एकालाही आठवेना. ज्याने तो बसवला त्या वास्लाव निजिन्स्कीला विचारण्याची सोय उरली नव्हती. आदल्याच वर्षी झुरिकच्या डॉक्टरांनी त्याला स्किझोफ्रेनिया असल्याचं निदान केलं होतं. शेवटी द्यागिलेवने नाद सोडला आणि त्याच संगीतावर लेओनीद मासीनकडून नवा नाच बसवून घेतला. विसाव्या शतकातला सर्वांत गाजलेला बॅले असा सात वर्षांत, मालकाच्या डोळ्यांदेखत, हरवला.

या बॅलेचं नाव ‘ल साक्र दु प्रँतां’, म्हणजे वसंताचा विधी. त्याचा पहिला प्रयोग २९ मे १९१३ रोजी पॅरिसला झाला. आव्हेन्यू माँतेन्यवरचं शाँझेलिझे थिएटर तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचं, ओग्युस्त पेरेने काँक्रीटमध्ये उभारलेलं. विषय रशियातल्या आदिम टोळ्यांचा: वसंत येतो, धरतीची पूजा होते, म्हातारे गोल करून बसतात, आणि एका मुलीला निवडलं जातं. तिने मरेपर्यंत नाचायचं. कथानक आणि सजावट निकोलस रोरिकची. हा चित्रकार पुरातत्त्वाचा नादिष्ट. उत्खननं करायचा, लोककलेचे जुने कपडे जमवणाऱ्यांत वावरायचा. १९११च्या उन्हाळ्यात स्मोलेन्स्कजवळच्या तालाश्किनो इथे, राजकन्या तेनिशेवाच्या लोककलेच्या संग्रहाशेजारी बसून, स्त्राविन्स्कीने आणि त्याने बॅलेचा आराखडा ठरवला.

रोरिक हे नाव मराठी वाचकाला अगदीच परकं नाही. हाच माणूस पुढे कुलूच्या खोऱ्यात नग्गरला येऊन राहिला आणि १९४७च्या डिसेंबरात तिथेच वारला. त्याचा धाकटा मुलगा स्वेतोस्लाव याच्याशी १९४५ मध्ये देविकाराणीने लग्न केलं आणि मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा निरोप घेतला. म्हणजे ‘अछूत कन्या’ची नायिका आणि त्या रशियन टोळीतली बळी जाणारी मुलगी यांच्यात अंतर फक्त एका सासऱ्याचं.

पडदा उघडला तेव्हा प्रेक्षकांना जे दिसलं त्याला बॅले म्हणणं त्यांना जड गेलं. बॅलेत पाय बाहेर वळवायचे असतात. इथे सगळ्यांचे अंगठे आत. बॅलेत शरीर हवेत तरंगल्यासारखं दिसावं लागतं. इथे माणसं जमिनीत शिरायचं असल्यासारखी एका जागी धपाधप उड्या मारत होती, गुडघे वाकलेले, मुठी आवळलेल्या, माना एका बाजूला कललेल्या. आणि खाली वाद्यवृंदात तो ठोक्यांचा मारा. हशा पिकला, मग शिट्ट्या, मग प्रेक्षकांतच जुंपली. नर्तकांना संगीत ऐकू येईना, तेव्हा निजिन्स्की विंगेत खुर्चीवर चढून मात्रा ओरडत राहिला आणि तो पडू नये म्हणून स्त्राविन्स्कीने त्याच्या कोटाची टोकं धरून ठेवली. द्यागिलेवने प्रेक्षागृहातले दिवे लावून-विझवून पाहिले. वाद्यवृंदाचा संचालक पिएर माँतो मात्र मान खाली घालून शेवटच्या स्वरापर्यंत वाजवत गेला. एका प्रसंगी मुली गालाला हात लावून, डोकं कलतं धरून उभ्या होत्या. वरच्या मजल्यावरून कुणीतरी दातांच्या डॉक्टरला बोलवा म्हणून ओरडलं, आणि लगेच दुसऱ्याने दोन डॉक्टर लागतील अशी पुस्ती जोडली. ही टवाळी लक्षात ठेवावी. पुढे तिचं काम आहे.

पॅरिस आणि लंडन धरून या बॅलेचे दहाही प्रयोग झाले नाहीत. त्याच सप्टेंबरात निजिन्स्कीने ब्युनोस आयरिसला रोमोला द पुल्स्की हिच्याशी लग्न केलं. द्यागिलेव त्याचा मालक होता तसाच प्रियकरही. त्याने तारेने त्याला कामावरून काढून टाकलं. बॅले बासनात गेला तो त्या रागापोटी जास्त आणि गोंधळापोटी कमी, असं मला वाटतं. गोंधळाने तिकिटं खपतात हे द्यागिलेवइतकं कुणालाच कळत नव्हतं.

पुढच्या वर्षी युद्ध आलं. रशियन नागरिक म्हणून निजिन्स्की बुडापेस्टमध्ये सासुरवाडीच्या घरात नजरकैदेत अडकला. तिथे रिकाम्या हातांनी त्याने नृत्य लिहिण्याची स्वतःची लिपी तयार केली आणि आपला आधीचा बॅले, ‘फॉनची दुपार’, तिच्यात उतरवला. तो आज वाचता येतो. ‘वसंतविधी’ मात्र त्याने लिहिला नाही.

त्याच युद्धासाठी सप्टेंबर १९१४च्या अखेरीपासून मार्सेय बंदरात हिंदुस्थानी फौज उतरू लागली: लाहोर आणि मेरठ या दोन डिव्हिजन. पुढच्या चार वर्षांत सुमारे १ लाख ३८ हजार हिंदी माणसं फ्रान्सच्या आघाडीवर आली. त्यांच्यात पंजाबी मुसलमान, शीख, गढवाली, गुरखे, पठाण, राजपूत जास्त. पण खडकीचे बाँबे सॅपर्स अँड मायनर्सही होते, म्हणजे मराठी माणसंही होती. त्यांच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपनीवर २८ ऑक्टोबर १९१४ रोजी जे गुदरलं ते पलटणीच्या इतिहासात ठळक आहे. सॅपर म्हणजे खंदक खणणारा, पूल बांधणारा, सुरुंग लावणारा. त्या दिवशी त्यांना सत्तेचाळीसाव्या शीख पलटणीबरोबर संगिनी लावून न्यूव शापेल गावात घुसायला सांगितलं गेलं. घराघरांतून, गल्ल्यांतून लढाई झाली. गाव हाती आलं आणि कुमक न पोचल्याने पुन्हा सोडावं लागलं. दोन्ही कंपन्यांचे जवळजवळ सगळे इंग्रज अधिकारी मेले किंवा जखमी झाले. खडकीहून निघालेली माणसं दोन-अडीच महिन्यांत फ्लँडर्सच्या चिखलात रायफल घेऊन दारं फोडत होती.

ही माणसं घरी काय लिहीत होती? बहुतेकांना लिहिता येत नव्हतं. पलटणीत एखादा लिहिणारा असे, त्याच्याभोवती चारजण बसत, एकजण सांगत असे आणि बाकीचे ऐकत असत. पत्र गावी पोचलं की तिथेही पोस्टमन, मास्तर किंवा वाण्याचा मुलगा ते मोठ्याने वाचणार. दोन्ही टोकांना श्रोते असलेल्या पत्रात बायकोला काय सांगायचं आणि काय गिळायचं, याचा अंदाज ज्याच्या घरात मनीऑर्डरीच्या कुपनावरचे चार शब्द वाचले गेलेत त्याला सहज येईल. १९१५च्या वसंतापर्यंत दर आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रं या फौजेतून हिंदुस्थानाकडे निघत होती.

त्यांतली मूळ पत्रं जवळजवळ सगळी गेली. गावागावांत पोचली, वाचली गेली, कोनाड्यात राहिली, वाळवी लागली, पावसाळे झाले. आपल्याकडच्या घरांत कागद टिकण्याची शक्यता किती असते हे वेगळं सांगायला नको. आज त्या शिपायांचं जे बोलणं आपल्याला वाचता येतं, ते सरकारने त्यांच्यावर संशय घेतला म्हणून.

संशयाचं मूळ सॅन फ्रान्सिस्कोत होतं. तिथल्या क्रांतिकारी गदर पक्षाची पत्रकं टपालातून पलटणींत पोचतील ही लष्कराची भीती. म्हणून एव्हलिन हॉवेल नावाच्या, सरहद्द प्रांतात राजकीय खात्यात काम केलेल्या आय.सी.एस. अधिकाऱ्याला फ्रान्समध्ये हिंदी टपालाचा सेन्सॉर नेमलं गेलं. त्याचं कार्यालय आधी रुआँला आणि नंतर बुलोन्य बंदरात होतं. पलटणीतला अधिकारी एकदा पत्रं चाळायचा, मग ती हॉवेलच्या टेबलावर. हाताखालची माणसं मूठभर आणि लिप्या उर्दू, गुरुमुखी, देवनागरी. भाषा पंजाबीपासून पश्तूपर्यंत, थोडी मराठीही. सगळी पत्रं वाचणं अशक्यच. मग निवडक पत्रं उघडायची, लक्षवेधी मजकुराचा इंग्रजी तर्जुमा टाइप करायचा, त्यावर आठवड्याचा अहवाल जोडायचा आणि लंडनला इंडिया ऑफिसकडे पाठवायचा. पत्र आक्षेपार्ह असेल तरच अडवायचं, नाहीतर पुन्हा पाकिटात घालून सोडून द्यायचं. पत्र अडवण्यापेक्षा पलटणीची नाडी हातात ठेवण्यात हॉवेलला जास्त रस होता.

ते टाइप केलेले गठ्ठे आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. १९९९ मध्ये डेव्हिड ओमिसी या इतिहासकाराने त्यांतून शेकडो पत्रं निवडून ग्रंथरूपात छापली तेव्हा ती अभ्यासकांच्या बाहेर सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोचली.

काय आहे त्यांत? थंडी, बर्फ आणि सतत पडणारा पाऊस. तोफांचं वर्णन करता येत नाही म्हणून महाभारताचा दाखला. मुसलमान शिपायाला कर्बला आठवतं. हे जग बुडण्याचं चिन्ह आहे, याला लढाई म्हणत नाहीत, असा सूर १९१५च्या सुरुवातीला वारंवार लागतो. फ्रेंच गावांत ज्या घरी मुक्काम पडला तिथल्या म्हाताऱ्या बाईने कपडे धुऊन दिले, फाटलेलं शिवून दिलं, सकाळी कॉफी दिली, मुलगा युद्धात मेलेला असूनही. या म्हाताऱ्यांबद्दल शिपाई ज्या मायेने लिहितात ते वाचून कुणालाही नवल वाटावं. काहींनी गावातल्या बायका शेतात राबतात, हिशेब ठेवतात, वाचतात हे पाहून घरी निरोप धाडला की पोरींना शाळेत घाला. आणि काहींनी भावाला सरळ कळवलं की भरती होऊ नकोस.

सरळ कळवणारे थोडेच. बाकीच्यांना ठाऊक होतं की पत्र वाटेत वाचलं जातं, तेव्हा त्यांनी वाट काढली. हिंदुस्थानातून आणलेली काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरताहेत, पण तीही फारशी उरलेली नाही: अशा अर्थाचा मजकूर अहवालांत सापडतो. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. सेन्सॉरने हे ओळखलं नाही असं नाही. ठाम काहीच न बोलता सगळं सांगून टाकण्याचं यांचं कसब मोठं आहे, असं त्याने वैतागून नोंदवून ठेवलं आहे.

हॉवेलची आणखी एक नोंद मला फार बोलकी वाटते. १९१५च्या सुरुवातीला, मोठ्या नुकसानीनंतर, पत्रांत कविता वाढल्याचं त्याच्या ध्यानात आलं. माणसं मध्येच बैत घालू लागली, शेर लिहू लागली. हॉवेलने हे अपशकुनाचं लक्षण मानलं: मन बिघडत चालल्याची खूण. गंमत अशी की हाच हॉवेल पुढे म्हातारपणी खुशाल खान खटक या पश्तू कवीच्या कवितांच्या इंग्रजी अनुवादात सहभागी झाला. तो ग्रंथ १९६३ मध्ये निघाला. कवितेचा कान त्याला होता. म्हणूनच कदाचित तिची भीती वाटली.

जखमी होऊन जे इंग्लंडला गेले त्यांची कथा वेगळी. ब्रायटनचा रॉयल पॅव्हिलियन, म्हणजे घुमट-मिनार लावलेला चौथ्या जॉर्जचा हौसेचा महाल, डिसेंबर १९१४पासून हिंदी शिपायांचं रुग्णालय झाला. जातीधर्माप्रमाणे स्वयंपाकघरं वेगळी, हिंदू-मुसलमानांचे पाण्याचे नळ वेगळे, पाट्या तीन लिप्यांत. राजा येऊन पदकं देऊन गेला, छायाचित्रांच्या पुस्तिका निघाल्या आणि त्या हिंदुस्थानात वाटल्या गेल्या. त्याच शहरातल्या किचनर रुग्णालयाभोवती मात्र काटेरी तार आणि पहारे होते, कारण हिंदी माणसं गावातल्या बायकांशी बोलतील ही धास्ती. पुस्तिकेत तार नाही, पत्रांत आहे. ब्रायटनमध्ये मेलेल्या हिंदू आणि शिखांना शहराबाहेरच्या टेकडीवर अग्नी दिला गेला. त्या जागी आज संगमरवरी छत्री उभी आहे. तिचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुविशारदाचा, आणि अनावरण १९२१ मधलं.

कॅलिफोर्नियातल्या मिलिसंट हॉडसनने १९७०च्या दशकात निजिन्स्कीच्या हरवलेल्या बॅलेचा पिच्छा पुरवायला सुरुवात केली तेव्हा तिच्यापुढची अडचण याच जातीची होती. मूळ वस्तू गेलेली. ती पाहणाऱ्यांच्या नोंदी तेवढ्या शिल्लक. केनेथ आर्चर हा इंग्रज कला-इतिहासकार रोरिकच्या मागे होता. दोघांची गाठ पडली, काम एक झालं आणि पुढे संसारही. आर्चरने पोशाखांचा आणि पडद्यांचा माग काढला. द्यागिलेवच्या कंपनीचं सामान वर्षानुवर्षं पॅरिसजवळच्या गोदामात पडून होतं, १९६०च्या दशकाअखेर ते लंडनला लिलावात निघालं, आणि ‘वसंतविधी’चे कित्येक मूळ झगे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संग्रहात आले. लोकरीचे, जाडजूड, रोरिकच्या हाताने आखलेल्या वर्तुळा-चौकोनांनी रंगवलेले. एवढं वजन अंगावर घेऊन हात कुठवर उचलता येतो, हा प्रश्न ज्याने झगा हातात घेतला त्यालाच पडतो.

हालचालींसाठी हॉडसनला मोठा आधार मिळाला तो मरी रँबेरचा. ही पोलिश बाई मूळ नर्तकीसुद्धा नव्हती. जिनिव्हाकर दालक्रोझच्या पद्धतीने ताल शिकवणारी ती एक शिक्षिका; स्त्राविन्स्कीच्या वेड्यावाकड्या मात्रा नर्तकांच्या डोक्यात उतरेनात म्हणून द्यागिलेवने तिला आणलं. तालमी शंभराच्या वर झाल्या. नर्तक तिला ‘रिथ्मिच्का’, म्हणजे तालवाली, म्हणून चिडवायचे. तिने पियानोच्या छापील स्वरलिपीवर, ओळींच्या मधल्या जागेत, कुठल्या ठोक्यावर कोण काय करतं ते टिपलं होतं. पुढे लंडनला तिने स्वतःची बॅले कंपनी काढली आणि १९८२ मध्ये ती वारली. त्याआधी हॉडसनने तिला गाठून बोलतं केलं होतं. स्त्राविन्स्कीने निजिन्स्कीसाठी खुणा करून दिलेली दुसरी एक प्रतही मधल्या काळात उजेडात आली होती.

व्हॅलँतीन ग्रॉस ही चित्रकार प्रयोगाच्या वेळी अंधारात मांडीवर छोटी वही ठेवून रेघोट्या ओढत असे. कागदाकडे न पाहता काढलेली ती चित्रं. एकेकात चार-पाच रेघांत एक अंगस्थिती. बळीच्या शेवटच्या नाचातल्या उड्या तिने स्वरलिपीच्या ओळीवर मांडून दिल्या आहेत, म्हणजे कुठला स्वर आणि कुठली उडी हे एका नजरेत जुळतं. आणि मग टीकाकार. स्तुती करणाऱ्यांनी अर्थ सांगितला, पण शिव्या देणाऱ्यांनी तपशील दिला. पाय कसे वेडेवाकडे ठेवले, कोपर कुठे चिकटवलं, बळीची मुलगी किती वेळ एकाच जागी थरथरत राहिली, हे रागावलेला समीक्षक तक्रार म्हणून मोजून लिहितो. दातांच्या डॉक्टरची हाक मारणाऱ्या त्या वात्रट प्रेक्षकाने गालाखालचा हात आणि कललेली मान दोन्ही आपल्यासाठी साठवून ठेवली. ते साठवण्याचा त्याचा इरादा नव्हता, हे उघडच आहे.

३० सप्टेंबर १९८७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये जॉफ्री बॅले या कंपनीने तो बॅले चौऱ्याहत्तर वर्षांनी पुन्हा केला. बळीची मुलगी झाली बिआत्रिझ रॉड्रिगेस. कंपनीचा संस्थापक रॉबर्ट जॉफ्री तेव्हा मरणपंथाला लागलेला होता. सहा महिन्यांत तो गेला. पुढे २०१३ मध्ये, बरोबर २९ मेला, मारिन्स्की थिएटरच्या नर्तकांनी हीच पुनर्रचना शाँझेलिझे थिएटरात सादर केली. या वेळी अर्थातच टाळ्या पडल्या.

या पुनर्रचनेवर आक्षेप आहेत, आणि ते बिनबुडाचे नाहीत. ग्रॉसच्या दोन रेखाटनांच्या मधल्या वीस ठोक्यांत नर्तकी काय करत होती? ते हॉडसनने ठरवलं. पुरावा जिथे संपतो तिथे तिला निजिन्स्कीसारखा विचार करून हालचाल बसवावी लागली, कारण रंगमंचावर इतके जण उभे असताना वीस ठोके कोरे ठेवता येत नाहीत. मला ती अप्रामाणिक वाटत नाही. काय सापडलं आणि काय जुळवलं हे तिने पानोपानी मांडलंय. आपण दाखवतोय ती वस्तू मूळच आहे असा दावा केला नाही. पण जॉफ्रीच्या चित्रफिती पाहणाऱ्याला जोड दिसत नाही. नाच सलग वाहतो आणि डोळा त्यावर विश्वास ठेवतो.

पत्रांच्या बाबतीत ही मुभा घेता येत नाही, आणि घेतली तर ती गुन्ह्याच्या जवळ जाते. हॉवेलच्या कारकुनाने पत्रातल्या चार ओळी उचलल्या आणि बाकीच्या सोडल्या. सोडलेल्यांत बहुधा म्हशीची, देण्याची, भावकीच्या वादाची चौकशी होती, कारण साम्राज्याला तिच्यात रस नव्हता. ते अहवाल नुसते वाचले तर असं वाटेल की शिपाई दिवसरात्र निष्ठा, मरण आणि गोऱ्या बायका याच तीन विषयांवर बोलत होते. तसं नव्हतं, त्या तीन विषयांवर सेन्सॉर थांबत होता. अलीकडे या पत्रांवर नाटकं, कादंबऱ्या, वाचनाचे कार्यक्रम होतात आणि त्यांत गाळलेल्या ओळी भरल्या जातात. शिपाई तिथे फार सुंदर बोलतो. मला ते ऐकवत नाही. त्याच्या तोंडचं मराठी वा पंजाबी गेलेलं आहे, उरलं आहे ते बुलोन्यच्या टाइपरायटरवरचं इंग्रजी. ते तसं दिसू द्यावं.

आवाज मात्र काहींचा उरला, आणि तोही शत्रूकडे. बर्लिनच्या दक्षिणेला व्युन्सडॉर्फला जर्मनांनी हिंदी आणि आफ्रिकी कैद्यांची छावणी केली होती, मुख्यतः मुसलमान कैद्यांना इंग्रजांविरुद्ध जिहादला उठवण्यासाठी; तिथे लाकडी मशीदही बांधली होती. जिहाद काही उठला नाही. पण विल्हेल्म डोएगेन नावाचा गृहस्थ ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन भाषातज्ज्ञांसह छावण्यांतून हिंडत होता. त्याला जगातल्या बोलींचे नमुने हवे होते: उच्चार, स्वर, व्यंजनं. ११ डिसेंबर १९१६ला फिरोजपूर जिल्ह्यातल्या मल्लसिंगाला भोंग्यासमोर उभं केलं. तो मिनिट-सव्वामिनिट बोलला. एका माणसाची गोष्ट सांगावी तशी त्याने स्वतःची गोष्ट सांगितली: हिंदुस्थानात लोणी खाणारा, युद्धात सापडून कैदी झालेला, लोण्याला पारखा झालेला, घरी जायला मिळालं तर पुन्हा ते खाईल असा. तबकडी बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहात आहे, फिलिप शेफनरच्या २००७च्या माहितीपटातून ती बऱ्याच जणांनी ऐकली. पंजाबी व्यंजनांचा नमुना म्हणून ती साठवली गेली.

मराठी शिपायाच्या वाट्याला असलं काही फारसं आलं नाही, कारण त्याचं खरं युद्ध फ्रान्समध्ये झालंच नाही. ते मेसोपोटेमियात झालं. एकशे तिसरी, एकशे दहावी आणि एकशे सतरावी या तिन्ही मराठा पलटणी सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजनमध्ये होत्या आणि जनरल टाउनशेंडबरोबर कूत अल अमारात अडकल्या. वेढा ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. आतून टपाल जाण्याची सोय नव्हती. शेवटी सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली आणि त्यांना वाळवंटातून अनातोलियाकडे चालवत नेलं. वाटेत हजारो मेले. याच फौजेतला डॉक्टर कॅप्टन कल्याण मुखर्जी कैदेत वारला. त्याची पत्रं मात्र टिकली, कारण त्याच्या आजीने, मोक्षदादेवींनी, ऐंशीच्या घरात असताना ती जमवून बंगालीत ‘कल्याण-प्रदीप’ नावाचं चरित्रच लिहिलं. ते १९२८ मध्ये निघालं. वरच्या साऱ्या हकिकतीत जपायचं म्हणून ठरवून जपणारी ही एकटी बाई. त्यासाठी घरात लिहिती आजी असावी लागते आणि नातू कॅप्टन असावा लागतो. साताऱ्या-रत्नागिरीच्या शिपायाच्या घरी दोन्ही नव्हतं.

त्या गावांत सरकारने संगमरवरी पाट्या बसवल्या. गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतके मेले: मजकूर एवढाच, नाव एकाचंही नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीत हा दुसरा आकडा ४६ आहे. पंजाबात याच्या उलट घडलं. गावोगावच्या भरतीच्या, नावनिशीवार हाताने लिहिलेल्या वह्या लाहोर संग्रहालयात शतकभर पडून होत्या. २०२१ मध्ये ग्रेनिच विद्यापीठ आणि इंग्लंडमधल्या पंजाबी मंडळींनी त्या संगणकावर आणायला घेतल्या. सव्वातीन लाखांच्या आसपास नावं, आणि लंडन-बर्मिंगहॅममधले पणतू त्यांत आपलं गाव शोधू लागले.

आपल्याकडे सुरुवात करायचीच तर फ्रान्सला गेलेल्या खडकीच्या सॅपर्सपासून करता येईल. सेन्सॉरच्या अहवालांत पाठवणाऱ्याची पलटण, तारीख आणि बऱ्याचदा पत्र जिथे जायचं त्या ठिकाणाचं नाव दिलेलं असतं. त्या तारखेला त्यांची कंपनी कुठल्या खंदकात होती हे लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या युद्ध-रोजनाम्यांतून काढता येतं. तिथे जे मेले आणि ज्यांची थडगी नाहीत त्यांची नावं न्यूव शापेलच्या स्मारकावर, १९२७ मध्ये कोरलेल्या ४ हजार ७०० हून अधिक नावांत, पलटणवार लावलेली आहेत. तिन्ही याद्या शेजारी ठेवून गावाच्या पाटीवरच्या आकड्याशी पडताळायच्या. काम कंटाळवाणं आहे, आणि पुष्कळ गावांच्या बाबतीत दहाबारा नावांपलीकडे हाती काही लागणार नाही.